मिर्ताबाईंच्या नावाचा पलंग

मी पलंग बोलतोय. हो, तोच, उशापाशी सोनेरी पाटी असलेला. पाटीवर आधी मिर्ताबाईंचं नाव आहे, मग त्यांच्या नवऱ्याचं, मग त्यांच्या दुकानाचं, आणि खाली अगदी बारीक अक्षरांत ‘आजारी बालकांसाठी’. चष्मा असेल तर वाचता येतं.

माझा जन्म डोंगरपठारावरच्या एल आल्तो शहरात, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. घडवणारा माणूस प्रेमळ होता. लहान मुलांना लागू नये म्हणून त्याने माझा एकेक कोपरा घासून गोल केला. मी मनात म्हटलं, वा, आपल्यावर मुलं झोपणार! ट्रकमधून खालच्या ला पाझ शहराकडचा उतार उतरताना मी नुसता हुरळून गेलो होतो.

हे घर कॅन्सर झालेल्या पोरांचं. लांबलांबच्या खेड्यांतून गरीब आईबाप पोरांना घेऊन येतात, दवाखान्यात उपचार चालतात, आणि ते संपेपर्यंत इथे फुकट राहायला आणि जेवायला मिळतं. काम पुण्याचं आहे, त्यात शंका नाही. पण आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू मद्रीनाशिवाय वापरात येत नाही. मद्रीना म्हणजे मानाची धर्ममाय. तिने यायचं, फीत कापायची, बाटली फोडायची, मगच वस्तूचा श्रीगणेशा. पुरुष असला तर तो पद्रीनो. आमच्या फ्रिजला मद्रीना आहे, इस्त्रीला मद्रीना आहे, संडासाच्या दारालाही पद्रीनो आहे आणि त्याचा फोटो दाराच्या आतल्या बाजूला लावलाय. बसणाऱ्याला दुसरीकडे बघायची सोय नाही.

तर माझ्या पोटावरून लाल फीत बांधली गेली. गादीवरचं प्लास्टिक तसंच राहिलं. घर चालवणाऱ्या सुल्माबाईंनी फर्मान काढलं, “मिर्ताबाई येईपर्यंत कोणी बोटसुद्धा लावायचं नाही!”

मिर्ताबाईंना यायला मुहूर्त काही सापडेना. आधी भाचीचं लग्न निघालं. मग शिक्षकांच्या मोर्चाने रस्ते अडवले. मग म्हणे केस रंगवले ते मनासारखे झाले नाहीत. मी आपला नवरदेवासारखा नटून उभा.

अशात एके सकाळी बासिलिया आली. तळ्याकाठच्या गावची बाई, पाठीवर रंगीत गाठोडं, आणि हाताशी तिची सहा वर्षांची एलिदा. पोरीचे केस कमरेपर्यंत. जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती, कारण पहिले केस कापायलाही मद्रीना लागते, आणि गरिबाच्या पोरीला चांगली मद्रीना लवकर मिळत नाही. पोरीच्या रक्तात कॅन्सर निघाला होता.

“बाकी पलंग भरलेत,” सुल्माबाई म्हणाल्या. “हा एक रिकामा आहे, पण हा उद्घाटनाचा आहे.”

तुम्हाला वाटेल बासिलिया भांडली असेल. छे! तिने समजूतदारपणे मान हलवली. “बरोबर आहे बाई. मद्रीनाच्या आधी वापरला तर अपशकुन.” आणि तिने माझ्या शेजारी फरशीवर मेंढीचं कातडं अंथरलं. झोपेत पोरीचा पाय माझ्या पायाला लागला की ही माउली तो हळूच बाजूला करायची. मला लाज वाटायची हो! मी पलंग, माझ्यावर मऊ गादी, आणि आजारी लेकरू माझ्या पायाशी थंडगार फरशीवर कुडकुडतंय. आणि मी मानाचा!

औषध सुरू झालं आणि एलिदा खोकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बासिलियाला चांगलंच झापलं. “हिला थंडी बाधता कामा नये. ताप आला तर पुढचं औषध थांबवावं लागेल. औषध थांबलं तर पोरगी हातची जाईल, कळतंय का? आणि केस लवकरच गळतील, तयारीत राहा.”

बासिलिया परत आली आणि गाठोडं बांधायला लागली. “चल बाळा, घरी जाऊ. घरी निदान चुलीची ऊब आहे.”

“आणि औषध?” पोरीने विचारलं.

आईने गाठ आणखी घट्ट आवळली. घरी औषध नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. औषध अर्धवट सोडून घरी नेलेलं पोर परत येत नाही, हे इथल्या भिंतींनाही ठाऊक आहे.

आणि नेमक्या त्याच सकाळी मिर्ताबाई अवतरल्या! सोबत मैत्रिणींचा ताफा, हातात चांदीची कात्री. भाषण झालं. भाषणात ‘निरागस’ हा शब्द इतक्या वेळा आला की मुलं जांभया द्यायला लागली. फीत कापली, छोट्या हातोडीने बाटली फोडली, टाळ्या झाल्या. मी अधीर झालो. आता झोपवा की कोणालातरी!

“अय्या, पण टीव्हीवाले कुठायत?” मिर्ताबाईंनी विचारलं.

“रस्ता बंद आहे बाई, अडकलेत,” सुल्माबाई कानकोंड्या झाल्या.

“मग असं करू या, गुरुवारी पुन्हा कापू. फीत परत बांधून ठेवा. आणि चुरगळू देऊ नका हं पलंग.”

सुल्माबाईंनी खिशातून दुसरी फीत काढली. बाई तयारीतच होत्या! मला तर वाटलं, आपले पाय मोडून तिथेच बसावं.

तेवढ्यात बासिलिया पुढे आली. तिने गाठोडं सोडलं, त्यातले वाटेत खायला घेतलेले पाव ओंजळीत धरले आणि मिर्ताबाईंपुढे वाकली. आमच्याकडे असे पाव पुढे केले की काहीतरी नातं मागितलं जातं, आणि चारचौघांत ते नाकारणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं.

“बाईसाहेब, कात्री हातातच आहे. माझ्या लेकीची पहिली बट कापा. केस गळणारच आहेत, पण त्याआधी तिला मद्रीना तरी मिळू दे.”

मैत्रिणींचे फोन लगेच वर झाले. “हाय, किती गोड! घे ना मिर्ता, घे!”

मिर्ताबाईंनी पाव घेतले. बट कापली. कापताना पोरीच्या मानेला पातं लागू नये म्हणून त्यांनी मधे आपलं बोट धरलं, हे मी पाहिलं. तेवढं श्रेय देतो. मग त्यांना रीत आठवली. बट कापणारीने पोरीला काहीतरी द्यायचं असतं, मेंढरू म्हणा, वासरू म्हणा.

“अगं, मी तर काहीच आणलं नाही,” त्या पर्स चाचपत म्हणाल्या.

“मेंढरू नको, कोमाद्रे,” बासिलिया म्हणाली. आता ती त्यांना मैत्रिणीसारखी हाक मारू शकत होती. पोरीची मद्रीना म्हणजे आईची सखीच की. “मेंढरं आहेत माझ्याकडे. पोरीला निजायला जागा द्या.”

सगळे फोन मिर्ताबाईंच्या तोंडावर.

“दिला! दिला बाई पलंग!” त्या म्हणाल्या.

“पण गुरुवारी टीव्हीवाले...” सुल्माबाई पुटपुटल्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. बासिलियाने टराटरा प्लास्टिक फाडलं आणि पोरीला माझ्यावर ठेवलं. काय सांगू! माणसाच्या वजनासाठी मी जन्मलो होतो, आणि ती इतकी हलकी होती की माझी एक पट्टीसुद्धा वाजली नाही. फार वाईट वाटलं मला, आणि फार बरंही.

गुरुवारी टीव्हीवाले आलेच. सुल्माबाई एलिदाला म्हणाल्या, “पाच मिनिटं खाली उतरतेस का राणी?”

“माझ्या मद्रीनाला विचारा,” एलिदा म्हणाली. “तिने सांगितलं तर उतरते.”

मिर्ताबाई तोंड उघडणार, तोच कॅमेरावाला ओरडला, “नको नको, पोरगी राहू दे! रिकामा पलंग कोण बघणार?”

तेव्हापासून आमच्या घराचा नियम बदलला. आता प्रत्येक नव्या पलंगावर उद्घाटनाच्या आधीच मूल झोपवतात. सुल्माबाई पाहुण्यांना सांगतात, ही कल्पना त्यांचीच. सांगोत बापड्या! मुलं तर गादीवर आली.

एलिदा दोन हिवाळे माझ्यावर झोपली. रडली, ओकली, माझ्या पायांवर खडूने मेंढ्या काढल्या. एकदाही औषध चुकलं नाही. परवा डॉक्टरीणबाईंनी ती बरी झाल्याचं सांगून तिला घरी जायची परवानगी दिली. आईने चादर झटकली, गाठोडं पाठीला बांधलं. दारापर्यंत गेलेली एलिदा मागे वळली आणि सुल्माबाईंना म्हणाली, “आता जी येईल ना, तिला ताटकळत नका ठेवू. ती लांबून आलेली असेल.”

सुल्माबाईंनी मान हलवली आणि माझ्यावरची उशी सरळ केली. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज तुमच्याशी बोललो.