सातवी चकती

दीनानाथकाका पत्र्याला भोक पाडत ते पंचनेच. आधी लहानसं छिद्र, त्यातून बोल्ट, मग हातपंपाने दाब देत राहायचं. टक् असा आवाज झाला की पत्र्याची गोल चकती अख्खी हातात. कीस नाही, कण नाही. ही चकती ते आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात टाकत. जितकी भोकं तितक्या चकत्या. एखादी आत पडून राहिली नाही ना, म्हणून त्या मोजल्याशिवाय पॅनेलला वीज द्यायची नाही, हा त्यांचा तेवीस वर्षांचा शिरस्ता. फरीदाबादच्या त्या विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात सगळे त्यांची थट्टा करत.

वाल्मीक मेश्राम करत नसे. अकोल्याहून इंजिनियर होऊन तो इथे आला, तेव्हा अख्ख्या कारखान्यात त्याच्याशी मराठीत बोलणारे काका एकटेच. पहिलं वर्षभर तर कौसल्याकाकूंच्या भाकऱ्यांवरच गडी टिकला होता.

त्या गुरुवारी पॅनेल तयार होतं, दोन वाजता ग्राहकाचा माणूस तपासायला येणार होता, आणि एक वाजता त्याच माणसाचा फोन आला: वरून आणखी एक केबल घ्यायची आहे, एक भोक वाढवा. काका जेवायला गेले होते. त्यांना हाक मारली असती तर ते भरल्या ताटावरून उठून आले असते. पण वाल्मीकला मोठेपणा सुचला. त्याने ड्रिलला होल-सॉ लावला, तो गोल करवतीचा दात्यांचा पेला, आणि अर्ध्या मिनिटात भोक पाडलं. आतल्या सामानावर फडकंसुद्धा टाकलं नाही. पेल्यात अडकलेली चकती उचकटून खिशात टाकली, वरचा कीस हाताने झटकला आणि भोकात केबल घट्ट धरणारी ग्लँड बसवून टाकली.

काका परत आले, त्यांनी नवं भोक पाहिलं. "पंचनेच ना, साहेब?"

"हो. चकती टाकलीय तुमच्या झाकणात."

"मग मोजून घेतो."

"मी मोजल्यात हो, सात आहेत. चलो, माणूस गेटवर आलाय."

काकांनी झाकणाकडे पाहिलं, मग वाल्मीककडे. आणि मोजलं नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

वीज दिली आणि आत लखकन जाळ झाला. कोणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. धूर निवल्यावर काकांनी झाकण उपडं केलं. चकत्या सहा.

मॅनेजर परीक्षितसाहेबांच्या केबिनमध्ये काका स्वतःच म्हणाले, "मेरी गलती है, सर. चकती अंदर गिरी होगी. गिनती मेरा काम था." उद्यापासून पॅनेलला हात लावायचा नाही, स्टोअरमध्ये बसायचं, असा हुकूम झाला. वाल्मीक शेजारीच उभा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने जमिनीकडे पाहिलं. खिशातली चकती मांडीला टोचत होती, आणि हा इंजिनियर साहेब ती टोचणीही गुपचूप सोसत होता.

पाच वाजता तो खाली आला. काका अजून पॅनेलपुढे गुडघ्यांवर होते, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काठीला बांधलेलं लोहचुंबक.

"काका, उठा आता."

"ती सापडल्याशिवाय कसा उठू, साहेब? राहिली आत तर उद्या कोणाचा तरी जीव घेईल." त्यांनी चष्मा पुसला. "दिसतच नाही हो. नजर गेली माझी. काकूला फोन करून सांगितलं मघाशी, शोधतोय पण सापडत नाही, आता हे काम सोडतो म्हणून. रडली ती."

 इतकी लाज वाल्मीकला जन्मात कधी वाटली नव्हती. त्याने खिशात हात घातला आणि चकती पुढे धरली.

काकांनी ती घेतली. अंगठा कडेवरून एकदा फिरवला. कडेवर करवतीचे ओरखडे होते. आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

"म्हणजे कीस पडला आत," ते हळू म्हणाले. "आणि माझी नजर ठीक आहे."

"मी आत्ता परीक्षितसाहेबांना जाऊन सांगतो, काका. सगळं सांगतो."

"त्यांना मग सांगा." काकांनी आपला फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "आधी घरी सांगा."

"अगंबाई, वाल्मीक!" काकूंनी त्याच्या "हॅलो"वरूनच ओळखलं. "बरं झालं बाळा, तू आहेस तिथे. यांना जरा सांभाळून घे रे. सकाळपर्यंत किती खूश होते."

"काकू, चूक त्यांची नाही. भोक मी पाडलं होतं. चकती माझ्याच खिशात होती."



"आणि ते दुपारभर शोधत होते," काकूंनी विचारलं, "तेव्हा तू कुठे होतास?"