मनकर्णाबाईंच्या मेंदूतली आधारपेशी

मी एक जुनी आधारपेशी आहे, मित्रांनो. छत्रपती संभाजीनगरच्या भावसिंगपुऱ्यात राहणाऱ्या मनकर्णाबाईंच्या मेंदूत, डाव्या बाजूला, बोलणं जिथं तयार होतं त्या मोहल्ल्यात माझं सारं आयुष्य गेलं. माझा आकार चांदणीसारखा. पण नाव व्हायचं ते शेजारणीचं, चेतापेशीचं!

आणि का होऊ नये? आखूड फांद्यांनी ती निरोप ऐकते आणि एका लांब तंतूवरून झटक्यात पुढे धाडते. तंतूच्या टोकाशी बारीकशी फट असते. तिथं ती रसायन सोडते आणि पलीकडची पेशी जागी होते. तिला खाऊपिऊ घालायचं, फटीत उरलेलं आवरायचं, हे माझं काम. माझ्या बहिणी तिच्या तंतूवर स्निग्ध वेष्टण गुंडाळतात, म्हणजे निरोप वाटेत रेंगाळत नाही. एवढ्या खटाटोपातून मनकर्णाबाई शहागंजात मेथी विकताना अशी आरोळी ठोकायच्या, की पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागे फिरायचं. मला धन्य वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एक रक्तवाहिनी तुंबली. लेक रत्नमालानं त्यांना ताबडतोब दवाखान्यात नेलं, म्हणून जीव वाचला. पण माझ्या कितीतरी शेजारणी गेल्या. गेलेली चेतापेशी परत येत नाही. मी रडले असते, पण पेशीला डोळे कुठले?

बाई घरी आल्या, तेव्हा शेजारच्या साळूबाई दारातूनच म्हणाल्या, "जय भीम, मनकर्णाबाई!"

"जय भीम!" बाईंनी खणखणीत उत्तर दिलं.

"आई बोलली! लई बरं झालं!" रत्नमाला गल्लीभर सांगत सुटली. पण सगळे फसले होते. जन्मभर तोंडी बसलेला तो शब्द मेंदूच्या धडधाकट भागातून आपोआप आला होता. पाणी हवं असलं तरी बाईंच्या तोंडून "जय भीम" एवढंच निघे, आणि त्यांचे डोळे भरून येत. त्यांचं स्वतःचं बोलणं परत येईल का, हीच मला धास्ती.

उरलेल्या शेजारणी मात्र हिमतीच्या! नव्या फांद्या काढून त्या एकमेकींना शोधू लागल्या. मीही पदर खोचून मदतीला उभी राहिले. पण वाट पडते ती वहिवाटीनं, आणि रत्नमाला वहिवाट होऊच देईना. आईनं तोंड उघडलं की मायेपोटी हीच विचारी, "पाणी? च्या? पंखा लावू का?" मग आमचा निरोप अर्ध्या वाटेतच विरे.

"त्यांचा शब्द तुम्ही बोलू नका हो," बोलण्याचे उपचार करणाऱ्या मंजुषाताईंनी तिला बजावलं. पण कळतं ते वळतंच असं नाही.

एका सकाळी तिचं पुन्हा सुरू झालं. "आई, दूध देऊ? भाकर कुस्करू?"

मनकर्णाबाईंनी हात वर केला. नव्या वाटेनं निरोप निघाला, अडखळला, फट ओलांडून पुढे गेला.

"थांब... गं. मला... बोलू दी."

रत्नमाला तोंडाला पदर लावून रडू लागली. आईची बोलणी खाऊन इतकी आनंदलेली लेक मला दुसरी ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी शब्दासाठी चाचपडत असेल, तर तो त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. जरा दम धरा. आत आम्ही कामाला लागलेल्या असतो.