चुकीच्या डबीतली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी काळी रबरी रिंग आहे. अंगठीहून मोठी, बांगडीहून लहान. नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराला साच्यात दाबून, तापवून मला घडवलं. आमच्या भावकीत प्रत्येकीचं अंग निराळं. सिलिकॉनची लाल रिंग भट्टीच्या दारात बसते. फ्लोरोरबराची तपकिरी रिंग तर माझ्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. मी तापलेल्या इंजिन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकते. पण ब्रेक ऑइल लागलं की फुगते. तिथे माझी चुलत बहीण हवी, ईपीडीएम नावाच्या रबराची. दिसायला आम्ही दोघी सारख्याच काळ्या.

गॅरेजमध्ये आमच्या दोन डब्या होत्या. तिथली मेकॅनिक, सगळ्यांची ताई, आम्हांला कधी मिसळू देत नसे. पण एका दुपारी तिच्या वडिलांनी कपाट आवरलं आणि आम्हां सगळ्यांना एकाच डबीत ओतलं.

तासाभरात शाळेची रिकामी बस आली. ब्रेक गळत होता. ताईने डबीत हात घातला आणि नेमकं मलाच उचललं. मी फुगले तर ब्रेक अडकणार. आत पोरं, पुढे उतार... ओरडायला तोंड कुठून आणू?

"ताई, आटप गं, शाळा सुटेल," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"झालंच, काका."

तिने मला ब्रेकच्या सिलिंडरच्या खाचेत अर्धं दाबलंसुद्धा. तेवढ्यात वडील कौतुकाने म्हणाले, "डबी कशी पटकन सापडली, बघ! दोन डब्यांची एक केली मी."

ताईचा हात जागीच थांबला. "बाबा, अहो काय केलंत हे!"

"सारख्याच तर होत्या!"

ताईने मला ओढून बाहेर काढलं.

"अगं, बसव कुठलीही! पोरं ताटकळतील," काका चिडले.

"ताटकळू देत. यातली ब्रेकची कुठली, ते आता ओळखता येणार नाही. ही बस आज हलणार नाही. दुसरी गाडी सांगा."

काकांना दाखवायला तिने मला ब्रेक ऑइलच्या वाटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी मी फुगून ढिली झाले होते. काकांनी मला चिमटीत धरलं.

"माझी नात पहिल्याच सीटवर बसते गं," ते एवढंच बोलले.

ताईने अख्खी डबी फेकून दिली आणि नवी पाकिटं आणली. त्यांच्यावरची नावं वडिलांनी स्वतः ठळक लिहिली. मला मात्र खिळ्याला टांगून ठेवलं आहे, सगळ्यांना दिसावं म्हणून.

मित्रांनो, आमच्या रंगावर जाऊ नका, पाकिटावरचं नाव वाचा. आणि आवराआवर केलीत, तर लगेच सांगून टाका. कौतुक होवो, नाहीतर बोलणी बसोत.