मोहाखालचा कोपरा

वाघ सकाळी साडेनऊले आमच्या धानात शिरला अन् मोजणी दहाची होती. म्हणजे वाघ टायमावर होता, मोजणीवालेच लेट.

पोंभुर्ण्यापासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव. वावर साडेतीन एकर, पण कागदावर ते जंगल. माह्या पणज्यानं, लटारूनं, झाडोरा काढून ते वावर केलं. आबाजीनं, म्हणजे माह्या आज्यानं, हरिदासनं, त्यात धानाच्या बांध्या, पाणी साचाचे वाफे, पाडल्या. माह्या बाबानं, राजदीपनं, ते ठेक्यानं देल्लं अन् पंचायतीत चपराशी झाले. मी वरोऱ्यात मोबाईलच्या दुकानात कामाले. सहा सालात वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पाय ठेवला नव्हता. चिखलाचा फोटो कोणी पाठवला तं लाईक करो, तेवढीच माही शेती.

आता त्या वावराचा वनहक्काचा पट्टा, म्हणजे वावर आमचं असल्याचा सरकारी कागद, भेटाचा होता. घरच्या माणसानं मोबाईलवर मोजणीचं ॲप चालू कराचं अन् धुऱ्याधुऱ्यानं पुरी फेरी माराची. जेवढं चालशीन तेवढं तुयं. ज्या कोपऱ्यात पाय गेला नाई, तो कोपरा गेला.

आबाजीचा जीव एकाच कोपऱ्यात होता. सगळ्यात खालच्या बांधीले मोहाचं झाड, अन् त्याखाली एक गोटा. तिथी त्याच्या मायले, वच्छलाबाईले पुरलं होतं.

"बाकी वावर गेलं तरी चालीन," आबाजी म्हणे. "माही माय जंगल खात्यात नाई गेली पायजे."

त्याचं कमरेचं हाड मोडलेलं. त्याले खाटेसकट उचलून आम्ही वरच्या धुऱ्यावर आणून ठेवलं होतं. बाबाचा गुडघा त्याच सकाळी दुखाले लागला.

"मोबाईलचा मामला हाये," बाबा मले म्हणे. "तू मोबाईलवाला. तूच चाल. मी मागं हावो."

गेल्या महिन्यात बाजूच्या गावात याच वाघानं निंदाले गेलेली बाई नेली होती. तिची एक चप्पल अजून पाणवठ्याजवळ होती. कोणी उचलत नव्हतं.

"लालसूभाऊ, उद्या करू ना," मी म्हणलं. लालसू मडावी म्हणजे गावच्या वनहक्क समितीचा सचिव.

"मोजणीची तारीख चार सालानं भेटली, बाप्पा," लालसूभाऊ म्हणे. "वाघ तं रोज येते."

पण लालसूभाऊ बिनतयारीचा नव्हता. वाघ मागून येते, म्हणून डोस्क्याच्या मागं तोंड लावाचं, असं त्यानं कुठी ऐकलं होतं. मूल गावच्या बाजारातून मुखवटे आणले. दुकानात फक्त लेकरांचे होते. एक ससा, एक जोकर, एक वाघ. करिश्मा मॅडम जंगल खात्याच्या गार्ड, सरकारी माणूस, म्हणून मानानं वाघ त्याईले. बाबाले ससा. मले जोकर. लालसूभाऊनं स्वतःसाठी तेलाचा रिकामा डबा ठेवला, वाजवाले.

आबाजीनं मले खाटेजवळ बोलावलं. "तोंडानं सांगत जाय. कोण हावो, कोणाचा हावो, काऊन आलो. माहा बाप सांगे, मी बी सांगो. अनोळखी माणसाले जनावर भेते. भेलं का मारते."

"आबाजी, आपण देवबिव मानत नाई ना?"

"वाघ देव होय काय बे? शेजारी होय. शेजाऱ्याच्या आंगणातून जातानी खोकलत नाई काय तू?"

निघालो. पुढं मॅडम, मंग मी मोबाईल घेऊन, मंग बाबा, मंग डबा. वरचा धुरा झाला. बाजूचा बी झाला. तिथी धुऱ्यावर तूर लावलेली, डोस्क्याइतकी उंच. बाबा जरा मागं पडले, म्हणून मॅडम पाठमोऱ्या थांबल्या अन् मी पुढं झालो. ते घाईघाईनं तुरीतून बाहेर निघाले, अन् त्याईले दोन हातावर वाघाचं तोंड दिसलं.

"आला," बाबा म्हणे, अन् चिखलात बसले.

लालसूभाऊच्या हातचा डबा सुटला अन् गडगडत बांधीत गेला. "कुठी? कुठी?" करत मॅडमनं गरकन पुरी गिरकी घेतली, तं वाघाचं तोंड परत मागं, लालसूभाऊकडं झालं. लालसूभाऊ पळाला. त्याले पळताना पाहून मॅडम पळाल्या. म्हणजे पुढं लालसूभाऊ, त्याच्या मागं मॅडम, अन् मॅडमच्या डोस्क्यावरून वाघ आमच्याकडं पाहून राह्यला. दुखऱ्या गुडघ्याचे बाबा दोघाईले बी मागं टाकून खाटेपाशी पहिले पोचले.

मी पळालो नाई. पाय हालत नव्हते.

"कुलदीप," लालसूभाऊ वरून ओरडला, "खालचा कोपरा सोड. तिरपं काट अन् ये."

तिरपं काटलं असतं तं शंभर पावलात वर. मी वर पाह्यलं. आबाजी हात टेकून खाटेवर अर्धा उठला होता. तो माह्याकडं पाहत नव्हता, मोहाकडं पाहत होता. काईच म्हणत नव्हता. म्हणला असता तं मी भांडलो असतो.

मी खाली निघालो.

"मी कुलदीप," मी म्हणलं. आवाज बकरीसारखा निघाला. "राजदीपचा पोरगा. हरिदासचा नातू. लटारूचा पणतू. मोजणीले आलो."

संपलं. चार नावं, अन् मोह अजून साठ पावलं. परत म्हणलं. परत. तिसऱ्या बारीले मीच राजदीपचा बाप झालो. मंग डोस्कं रिकामं झालं अन् मी आधार नंबर सांगतला. जन्मतारीख सांगतली. गावाचा पिनकोड सांगतला. दुकानात मी रोज लोकाईले सांगतो, आधार कोणाले देऊ नका. पण ज्याईले देऊ नये त्या यादीत वाघाचं नाव नव्हतं.

मंग वास आला. ओल्या बारदान्याच्या बोऱ्यासारखा, कुजका. पाखरं बंद झाली.

तो मोहाच्या बुडाशी लेटला होता. बरोबर कोपऱ्यावर, जसा काई मोजणीचा खुटा. शेपटाचा शेंडा वच्छलाबाईच्या गोट्यावर. शेंडा वर जाय अन् गोट्यावर पडे. वर जाय अन् पडे.

वावराच्या आतून त्याले वळसा घातला तं गोटा बाहेर राहते. गोटा आत पायजे तं वळसा बाहेरून, जंगलातून, त्याच्या पाठीमागून. माह्या डोळ्यातून पाणी गळत होतं. पॅन्ट ओली झाली होती, ते मले घरी गेल्यावर समजलं.

मी बाहेरून गेलो. पाय उचलून, पाला न वाजवता. "मी वच्छलाबाईचा पणतू," मी म्हणलं. हे नाव आधी कोणाच्या यादीत नव्हतं.

शेपूट थांबलं. त्यानं डोस्कं वळवलं. पिवळे डोळे, मिशीले चिखल. त्यानं पाह्यलं तवा मी पुढं निघालो होतो, म्हणजे त्याच्याकडं जोकर हासत होता अन् इकडं मी रडत होतो. तो कितीक वेळ पाहत राह्यला, मले मालूम नाई. मी मोजलं नाई. मी परत आधार नंबरावर आलो होतो.

उरलेले धुरे फिरून वर पोचलो तवा ॲपनं टिंग केलं. फेरी पुरी.

आबाजीनं माहा हात धरला. "गोटा?"

"आत हाये."

तो आडवा झाला अन् त्यानं डोळे मिटले. मॅडमनं मोबाईल घेतला. नकाशात आमचं वावर चौकोनी, अन् खालच्या कोपऱ्याले फोड आल्यासारखं गोल.

"हे काय? दोन गुंठे जंगल आत घेतलं तुम्ही. हे नाई चालत. उद्या फेरी परत मारा लागीन, कोपऱ्यावरून, बरोबर."

"मॅडम, कोपऱ्यावर तो बसला होता."

मॅडमनं फॉर्म वरून खाली पाह्यला. "त्याचा रकाना नाई इथी."

खाली मोहाजवळ एक मोर ओरडला अन् आम्ही पाचही जण दचकलो. खाट बी.

"जाईन तो उद्या," आबाजी डोळे मिटूनच म्हणे. "आता तं ओळख झाली."

बाबानं डोस्क्यावरचा ससा काढून माह्या हातात देल्ला. "उद्या हा लाव. जोकर त्याले आवडला नसीन."

घरी आल्यावर मी मोबाईल चार्जिंगले लावला. बॅटरी चार टक्के होती. रातभर मी दाराच्या कडीकडं पाहत होतो. वाघाजवळ माहा पिनकोड होता.