कुंकवानं गिळलेला आवाज

मी जळकोटच्या शिवशरण आप्पांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातला सीबी रेडिओ, म्हणजे दोन्हीकडून बोलायचा बिनतारी संच, बोलतोय. वय पंचेचाळीसच्या पुढं. माझ्यावर बोलायची एक शिस्त आहे: माइकचं बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं, मग समोरच्याचं ऐकायचं. यातलं बोलणं माणसांना लगेच जमतं. बाकीचं शिकवता शिकवता माझी उमर गेली.

जन्म माझा जपानचा. आम्ही जुळे भाऊ एका बोटीवर कामाला होतो. बोट मोडीत निघाली तसे आम्हीही भंगारात आलो. ट्रॅक्टरचे जुने पार्ट धुंडाळायला गेलेल्या आप्पांनी आम्हाला तिथून उचललं. मला दुकानात ठेवलं आणि भाऊ दिला त्यांच्या जिवलग मित्राला, बलभीमला. बलभीमचं शेत सहा किलोमीटरवर, ओढ्याच्या खळग्यात. तिथं मोबाइलला आजही रेंज नाही. दोन्हीकडं उंच पाइपांवर अँटेना चढल्या आणि रोज सकाळी सात वाजता गप्पा सुरू झाल्या. बत्तीस वर्षं मी त्या वाहिल्या. "काय चाललंय?" "च्या पितोय." "मी बी." एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला होता!

गेल्या भाद्रपदात बलभीमला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ जड झाली. "शिवशरणा" एवढं म्हणायला त्याला अख्खा श्वास लागायचा. आप्पांना वाईट वाटलं. ते त्यांनी बटण दाबून सांगितलंही. भेटायला जायचं मात्र सोयाबीनची गर्दी सरली की, मग दसरा झाला की, असं लांबत गेलं. "रोज बोलतोयच की," असं ते बायकोला, नीलम्मा काकूंना, सांगत. घरातलं सगळं शहाणपण काकूंकडं आहे, म्हणून ते कुणी वापरत नाही.

खंडेनवमीला दुकानातल्या पान्यांची, जॅकची पूजा झाली. माझी पाळी आली तेव्हा आप्पा म्हणाले, "वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय फायदा? यंत्र आत असतंय." त्यांनी माझं झाकण उघडलं आणि भक्तिभावानं चिमूटभर हळदकुंकू आत सोडलं. वर फुलानं पाणी शिंपडलं. मग झाकण लावून हात जोडले. देव प्रसन्न झाला असेल, मी नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला ऐकू सगळं नीट यायचं, पण माझ्यातून बाहेर पडणारा आवाज फाटायचा. हळू बोललेलं गिळलं जायचं, शब्द अर्धे तुटून लुळे व्हायचे. थेट बलभीमच्या बोलण्यासारखे. त्यानं तीन-चार दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी पलीकडून सावकाश, एकेक शब्द ओढत आलं, "शिवशरणा... लुळ्या माणसाची... नक्कल करतुस व्हय?"

आप्पांनी घाईनं बटण दाबलं. "न्हाय रे, देवाशप्पथ न्हाय!" शपथ माझ्यातून अशी वेडीवाकडी बाहेर पडली की दुसरी नक्कल वाटावी. मला लाज वाटली. बलभीमनं रेडिओ बंद केला. तरी रोज सातला तो लावायचा, आप्पांचं दोन शब्दांचं लुळं बोलणं ऐकायचा, एक शिवी हासडून बंद करायचा.

"अवो, फटफटी दारात हाय. जाऊन सांगून या की," काकू म्हणाल्या.

"मी न्हाय जायचा. बत्तीस वर्षांची दोस्ती, आन् माझ्यावर शक? आधी हे यंत्र नीट करतो, मग बोलतो त्याच्याशी."

सहा किलोमीटरवरच्या मित्राशी बोलण्यासाठी मग येरमाळ्याहून वैजनाथला बोलावलं. तो जुना टीव्ही-रेडिओ मेकॅनिक, दोन एसट्या बदलून आला. दोन महिने त्याला शोधण्यात गेले होते.

वैजनाथनं माझी अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड जोडला, म्हणजे ताकद हवेत न जाता त्यातच जिरावी. करंट मोजायचं मीटर लावलं. "आप्पा, बटण दाबा. आन् अजिबात बोलू नगा."

हे आप्पांना अवघड गेलं. पहिल्या खेपेला ते "बरं" म्हणाले आणि काटा उडाला.

"ह्याला बायस म्हणत्यात," वैजनाथ म्हणाला. "तुमी गप असताना बी आत थोडा करंट वाहत राहिला पायजे. न्हायतर हळू बोललेलं पोचत न्हाय. लई झाला तर यंत्र जळतंय."

काटा पन्नासवर बसायला हवा होता. तो शून्यावर पडे, मधेच शंभराच्या पुढं उडे. वैजनाथला आधी ट्रान्झिस्टरचा संशय आला. तो तपासला, ठीक निघाला. मग त्यानं करंट कमीजास्त करायच्या चिमुकल्या स्क्रूवर, ट्रिमरवर, प्लॅस्टिकच्या काडीनं टिचकी मारली, तसा काटा थयथयाट करू लागला. त्यानं भिंग लावलं आणि काडीनं ट्रिमरमधला लाल चिकट थर खरवडला.

"आप्पा, ह्यात कुंकू कुणी घातलं?"

आप्पा दुकानाबाहेर बघू लागले. वैजनाथनं नवा ट्रिमर बसवला, केसभर केसभर फिरवून काटा पन्नासवर आणला. काटा तिथं गपगार बसला. मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं, म्हणजे जरा वाईटच.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आप्पांनी बटण दाबलं. "बलभीमा, मी शिवशरण. आता येतंय का नीट ऐकू?" आवाज खणखणीत गेला.

पलीकडं खरखर. मग, "आता... कसा नीट बोलतुस? म्हंजे तवा... मुद्दामच करत व्हतास." खट्. बंद.

म्हणजे मी बरा झालो आणि आप्पांचा गुन्हा शाबीत झाला.

आप्पा माइक हातात धरून बसले. काकूंनी फटफटीची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. आप्पांनी कुंकू भरलेला जुना ट्रिमर खिशात घातला, पुरावा म्हणून मला पोत्यात गुंडाळून मागं बांधलं आणि निघाले. वीस मिनिटांत पोचलो.

बलभीम अंगणात खाटेवर होता. एक हात मांडीवर मेल्यागत पडलेला. आप्पा त्याच्याकडं नीट न बघताच सुरू झाले: बायस, ट्रिमर, कुंकू, हे बघ, हे बघ. बलभीमनं आप्पांच्या तळहातावरच्या ट्रिमरकडं पाहिलंही नाही.

"नक्कल करायची व्हती..." तो म्हणाला. मधे थांबला. पुन्हा श्वास घेतला. "तर हितं येऊन करायचीस. माझं तोंड तरी... बगितलं असतंस."

आप्पांनी मान वर केली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मित्राचं वाकडं झालेलं तोंड बघितलं. बघून रडले.

मी सध्या बलभीमच्या पडवीतल्या फळीवर आहे, ठणठणीत आणि पूर्ण बेकार. आप्पा रोज सकाळी फटफटीवर येतात, बलभीमचं वाक्य पुरं होईतो थांबतात. गप्पा पूर्वीइतक्याच फालतू असतात. कुणी मला पुन्हा जळकोटला न्यायचं म्हणालं तर हात जोडून सांगतो, नेऊ नका. मी तिथं नीट चालायला लागलो की हा माणूस परत घरी बसेल.