मागच्या दारावरचे ओरखडे

लेक दवाखान्यातून घरी आली ती फणफणतच. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावताना तिचा आवाज कधी चढत नसे. आज मात्र फाटकातूनच ओरडली, “बाबा, बाहेर या! बघा काय करून ठेवलंय कुणीतरी!”

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. छापील फलक आले तसं काम आटलं, उजवा हातही जरा थरथरू लागला, आणि बारीक कामातून त्यांनी स्वतःच त्या हाताला रजा देऊन टाकली.

दोन महिन्यांच्या निळ्याशार गाडीच्या मागच्या दारावर हातभर पांढरे ओरखडे उठले होते.

“पार्किंगमध्ये उभी होती बिचारी. डोळे काय खिशात ठेवून गाडी चालवतात लोक? चिठ्ठी नाही, काही नाही. घासली की पसार!”

“आधी दार धुऊ,” बाबा म्हणाले. “शिव्या नंतर दे. त्या कुठे पळून जातायत?”

दार धुऊन कोरडं झालं, तसे बाबा उकिडवे बसले आणि ओरखड्यांवरून आडवं नख फिरवू लागले. “नख अडकत नाही. म्हणजे हा पांढरा रंग त्या गाडीचा, आपल्याला नुसता चिकटलाय.” मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन ते हलक्या हाताने गोल गोल घासू लागले. पांढरं हळूहळू फडक्यावर उतरलं. लेकीने बाह्या सरसावल्या आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाई बोलत होत्या. “अगं, तुझ्या गाडीला माझीच गाडी घासली. काचेवर चिठ्ठी लावली होती, मिळाली ना?”

चिठ्ठी वाऱ्याने कधीच उडवून नेली होती. “असू द्या हो, एवढं काही झालेलं नाही,” लेक म्हणाली आणि फोन ठेवून ओशाळली. “मी तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.”

“त्यांना कुठे ऐकू गेलाय?” बाबा हसले.

सगळे ओरखडे गेले, एक बोटभर रेघ तेवढी राहिली. तिथे नख अडकत होतं. दाराच्या आतल्या पट्टीवर रंगाचा नंबर होता. तो दाखवून लेकीने रविवारी सकाळी रंगाची छोटी बाटली आणली. बाटलीतला ब्रश पाहून बाबांनी नाक मुरडलं. “हा झाडू आहे.” ते आत गेले आणि माळ्यावरच्या डब्यातून आपला सर्वात बारीक कुंचला घेऊन आले.

पण कुंचला रेघेजवळ नेला आणि टोक थरथरलं. पुन्हा नेला, पुन्हा तेच. बाबांनी हात खाली घेतला. “गॅरेजला टाक गाडी,” ते हळूच म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी बसली. “करंगळी टेकवा. रेघेच्या खाली, दारावर. आम्ही शेजारच्या दातावर बोट टेकवतो. अधांतरी धरला तर कुणाचाही हात हलतो, बाबा. माझाही.”

बाबांनी करंगळी टेकवली. टोक स्थिरावलं. त्यांनी श्वास घेतला आणि सोडता सोडता निम्मी रेघ भरली.

“श्वास सोडताना?” लेकीने विचारलं.

“नेहमी. घेताना छाती वर येते, हात सरकतो.”

“मी इतकी वर्षं दात कोरायचं मशीन तसंच, श्वास सोडताना चालवते. कुणी शिकवलं नव्हतं.”

“मी पाटी रंगवायचो तेव्हा शिडीखाली बसून काय करायचीस मग? बघत होतीस की!”

दोघंही हसली. हसू थांबेपर्यंत कुंचला लांब धरावा लागला. मग उरलेली रेघ भरली, आणि वाळल्यावर वर रंगाचा दुसरा हात दिला.

आठवड्याने बाबांनी त्यावर अगदी बारीक, ओला सँडपेपर फिरवला, पॉलिश केलं आणि लेकीला हाक मारली. तिने दार उभ्याने पाहिलं, वाकून पाहिलं, हात फिरवून पाहिला.

“रेघ कुठे होती, तेच कळत नाहीये.”

“कळतं की!” बाबांना राहवेना. त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला सरकवलं, मान तिरकी करायला लावली. “आता बघ, उन्हात. दिसली?”

“नाही.”

“नीट बघ. ही काय!”

“दिसली, दिसली,” लेक म्हणाली. तिला अजूनही काहीच दिसत नव्हतं.