बहिणीच्या वाटचं पाणी

गोऱ्यांच्या मळ्यावरच्या गुलामीतून पळून आलेल्या त्या बाईला सभेच्या मधोमध बसवलं होतं, आणि बाइलो मान खाली घालून स्वतःच्या पायाचे अंगठे बघत होता.

गोऱ्यांशी तह झाल्यापासून बेरो कुळाच्या मागावर कोणी शिपाई जंगलात शिरत नव्हता. बदल्यात एकच अट होती. यापुढे जो पळून येईल त्याला नदीच्या तोंडाशी असलेल्या चौकीवर नेऊन द्यायचं. कुळानं शब्द फिरवू नये म्हणून गावातली काही मुलं गोऱ्यांनी शहरात ओलीस ठेवली होती. बाइलोचा थोरला, बोकिलो, त्यांतलाच एक.

"कुठली गं तू?" क्वाउमामानं विचारलं. बाइलोच्या आईचा हा धाकटा भाऊ गावाचा मुख्य होता.

"बेरो मळ्यावरची."

"बेरोवर माकडंही राहतात. ती काय सगळी आमची भावंडं?"

लोक हसले. कुळाचं नाव त्या मळ्यावरूनच पडलेलं होतं. आज्या-पणज्या तिथूनच पळाल्या होत्या. म्हणून तर सभा बसवावी लागली होती. आपल्या रक्ताचं माणूस धरून दिलं, तर त्याचा आत्मा सगळ्या कुळाच्या मानगुटीवर बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. परकं असेल तर प्रश्नच नव्हता.

बाई हसली नाही. "माझी आजी तुमच्याच लोकांबरोबर निघाली होती. ओढ्यापाशी तिचा पाय मोडला. तिच्या बहिणीच्या पाठीवर तान्ही पोर होती. आजीच म्हणाली तिला, तू हो पुढं, पोर रडली तर सगळेच सापडाल."

बायकांच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या आफिबानं, बाइलोच्या आईनं, मान वर केली. ती तान्ही पोर म्हणजे तीच असायला हवी होती.

"आमची मावशी वाटेत साप चावून मेली," क्वाउमामा म्हणाला. "आमच्या आईनं शंभरदा सांगितलंय. बाइलो, म्हातारीच्या शेवटच्या दुखण्यात तू उशाशी होतास. दुसरं काही बोलली होती का?"

बोलली होती. ती मेली नव्हती रे, मीच सोडून आले, सापाची गोष्ट मीच रचलेली, असं म्हणून त्याची आजी भिंतीकडे वळली होती. बाइलोनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं की बाई गावची होणार, तह मोडणार, आणि बोकिलोला मळ्यावर जुंपणार नाहीतर फासावर देणार.

"नाही," बाइलो म्हणाला.

"बघा!" क्वाउमामानं मांडीवर थाप मारली. "मग तूच ने तिला. होडी तुझ्यासारखी कोणाला जमते?"

वाटेत ती होडीच्या आडव्या फळीला बांधलेली होती. खडकांमधून पाणी उसळत होतं तोवर बाइलोचं लक्ष वल्ह्यावर होतं. पाणी संथ झाल्यावर ती म्हणाली, "दादा, सभेत तुम्ही वर बघितलंच नाही."

बाइलो वल्हवत राहिला.

"आजी कधी शिव्या द्यायची नाही तिला. म्हणायची, पोर वाचली असेल ना, झालं तर मग."

चौकीचा झेंडा दिसायच्या आधी बाइलोनं होडी उजवीकडे घातली. पलीकडचा काठ फ्रेंचांचा होता, आणि त्यांनी गुलामी उठवल्याची बातमी नदीवरच्या सगळ्यांना ठाऊक होती. काठाला लागल्यावर त्यानं दोर कापला, आपल्या जेवणाची कसावा कंदाची भाकरी तिच्यापुढे केली.

"उतर. वरच्या अंगानं गेलीस की वस्ती लागेल. तू बुडालीस असं मी सांगणार."

"आणि तुमच्या गावात?"

"गावातही तेच."

"म्हणजे मळ्यावर मेले, गावातही मेले." ती हसली. "बरंय. आता मला शोधायला कोणी यायचं नाही."

तिनं भाकरी घेतली आणि झाडीत शिरली. बाइलो काही वेळ तिथंच थांबला. आपण कशासाठी थांबलो आहोत हे ध्यानात येताच त्याचे कान गरम झाले. ती वळून काही तरी बोलेल, असं त्याला वाटत होतं.

खडकांत होडी कलंडली, दोर कापेपर्यंत बाई वाहून गेली, हे ऐकून चौकीवर शिपायानं कापलेला दोर बघितला, खांदे उडवले. गावात क्वाउमामानं त्याची पाठ थोपटली. "सुंठीवाचून खोकला गेला! पोरगंही सुखरूप, आपणही मोकळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आफिबा पितरांच्या खांबापाशी बसलेली दिसली. डोक्याला दुखवट्याचं फडकं, पुढ्यात पाण्यानं भरलेली भोपळ्याची वाटी.

"आई, हे काय? परकी होती ती."

"माझी आई इथं सगळ्यांना पाणी घालायची," ती म्हणाली. "नवऱ्याला, भावांना, वाटेत मेलेल्या एकेकाला. बहिणीला कधी घातलं नाही. मी विचारलं की चिडायची. सभेत त्या पोरीचं ऐकलं आणि कळलं. जिवंत माणसाला पाणी घालत नाहीत."

"मग सभेत का नाही बोललीस?"

"माझ्याकडं नुसता अंदाज होता. उशाशी तू होतास. तू बोलशील म्हणून थांबले." तिच्या आवाजात राग नव्हता. "असू दे. तुझा पोर तिकडं आहे. मीही आईच आहे. पण आपल्या हातून आपलं माणूस गेलंय, तेव्हा निदान पाणी तरी नीट घालू. नाव सांग तिचं."

ती जिवंत आहे, हे शब्द बाइलोच्या ओठांपर्यंत आले. आईच्या पोटात काही राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि मग चौकीपर्यंत.

"बाइलो, नाव?"

सभेत तिला कोणी विचारलं नव्हतं. एवढा लांबचा प्रवास केला, एका होडीत, आणि त्यानंही नाही.

"विचारलं नाही, आई."

आफिबानं वाटी उचलून त्याच्या हातात दिली.

"बहिणीची नात म्हण, आणि तूच घाल."

बाइलो गुडघ्यावर बसला. "बहिणीची नात," तो म्हणाला, आणि त्यानं जिवंत माणसाच्या नावानं मातीवर पाणी सोडलं.